हिमलोट आणि आपण

चिटगुप्प्याच्या या तांबड्या माळावर हिम पडत नाही. गारांचा काय तो आपला परिचय, आणि तोही पिकाच्या नासाडीतून. तेव्हा हिमलोटाची चर्चा येथे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद आणि सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे शिपाई सुनील सूर्यवंशी हे आपल्याच मुलखातले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरील ठाण्यावर बर्फाची भिंत कोसळली व दहा जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी हनुमंतप्पा तेवढे जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली.

तेथे कोसळली ती भिंत. प्रवाशास गाठणारा लोट बहुधा निराळा असतो. हिम थराथराने साचते आणि सगळे थर सारख्या बळाचे नसतात. कडाक्याच्या थंडीत एखाद्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांस धरीत नाहीत. त्यावर नवे हिम पडते, वारा ते दाबून घट्ट करतो. उतरत्या ज्वारीच्या राशीवर जड फळी ठेवावी, तशी ही अवस्था! पुष्कळदा त्या फळीवर पहिले पाऊल टाकणारा माणूसच तिला सोडवितो. लोट कोठून तरी अवचित येतो ही समजूत बव्हंशी खोटी आहे.

अशी घसरण मुख्यत्वे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होते. त्याहून उभ्या कड्यावर हिम फारसे ठरत नाही. म्हणून जाणते वाटाडे उताराचा कोन मोजतात, मोठ्या हिमवृष्टीनंतर एक-दोन दिवस थांबतात, आणि पायाखाली ‘धप्’ असा पोकळ आवाज आला की मागे फिरतात. संशयित उतार एकेकाने ओलांडावा, इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. पायथ्याशी मात्र तंबू नको. उतार सौम्य असला तरी वरचा लोट तेथवर पोचतो.

हल्ली आपल्याकडची तरुण मंडळीही हिवाळ्यात उत्तराखंडात पदभ्रमणास जातात. त्यांनी ४ ऑक्टोबर २०२२ ची घटना ध्यानी धरावी. द्रौपदी का डांडा येथे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक लोटात सापडले आणि दोन डझनांहून अधिक माणसे गेली. ती नवखी नव्हती. शिकत होती, शिकवीत होती. निघण्यापूर्वी हिमलोटाचा सरकारी इशारा पाहावा आणि तो असेल तर तिकिटाच्या पैशांचा मोह सोडावा, असे मला आग्रहाने वाटते.

कोणी गाडला गेलाच, तर मदतीसाठी खाली धावण्यात वेळ दवडू नये. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते, कारण माणूस थंडीपेक्षा गुदमरूनच अधिक मरतो. हनुमंतप्पा इतके दिवस तगले ते भोवती हवेची पोकळी राहिली म्हणून. यास्तव प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात : अंगावर संदेश देणारे-घेणारे छोटे यंत्र, हिमात खुपसण्याची लांब सळई आणि फावडे. सोबत्यास शेवटचे जेथे पाहिले ती जागा खूण करून ठेवावी आणि तेथून उताराच्या खालच्या अंगास शोध सुरू करावा.