आरोग्य व सामाजिक देखभाल : ब्रिटनमधील एका पदवी-अभ्यासक्रमाचे स्वरूप आणि मर्यादा

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांतून 'आरोग्य व सामाजिक देखभाल' ह्या नावाचा पदवी-अभ्यासक्रम शिकविला जातो. नावावरून तो परिचर्येचा किंवा समाजकार्याचा अभ्यासक्रम असावा, असा समज सहज होतो. तिकडे शिकावयास जाण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांतही तो आढळतो. वस्तुतः हा अभ्यासक्रम ह्या दोहोंपैकी एकही नव्हे. त्याचा खरा विषय त्याच्या नावातील 'व' ह्या अक्षरात साठविलेला आहे. आरोग्यसेवा आणि सामाजिक देखभाल ह्या दोन व्यवस्था जेथे एकमेकींस भिडतात, आणि पुष्कळदा भिडत नाहीत, त्या सांध्याचा हा अभ्यास आहे. असा सांधा मुळात का निर्माण झाला, विद्यार्थी त्याचा अभ्यास कसा करतो, आणि त्या अभ्यासाने त्यास काय मिळते व काय मिळत नाही, ह्या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ह्या प्रश्नाचे मूळ ५ जुलै १९४८ ह्या एकाच दिवशी अंमलात आलेल्या दोन कायद्यांत आहे. पहिला राष्ट्रीय आरोग्यसेवेचा. १९४६ साली संमत झालेल्या ह्या कायद्याने वैद्यकीय उपचार सर्वांस, उपचाराच्या वेळी मूल्य न घेता, उपलब्ध करून दिले. दुसरा १९४८ चा राष्ट्रीय साहाय्य कायदा. त्याने शतकानुशतके चालत आलेल्या दरिद्री-कायद्याचा शेवट केला; आणि वार्धक्यामुळे किंवा दौर्बल्यामुळे ज्यांस निवाऱ्याची व देखरेखीची गरज आहे, अशांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. मात्र ह्या दुसऱ्या मदतीचे मूल्य घेणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे वसूल करावयाचे होते. सारांश, आजारी माणसाची सेवा मोफत आणि दुर्बळ माणसाची सेवा ऐपत पाहून, असा भेद कायद्यानेच घातला. कायदा करणाऱ्यांस तो स्पष्ट दिसत असेल; परंतु वृद्धापकाळी आजार कोठे संपतो आणि दौर्बल्य कोठे सुरू होते, हे सांगणे सोपे नाही.

एका कल्पित उदाहरणाने ही अडचण स्पष्ट होईल. इंग्लंडमधील एका शहरात एकटी राहणारी ऐंशी वर्षांची वृद्धा पडते व तिच्या खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णालयातील वास्तव्य ह्यांपैकी कशासाठीही तिला पैसे द्यावे लागत नाहीत. हाड जुळते. डॉक्टर तिला घरी जाण्यास योग्य ठरवितात. परंतु घरी तिला स्नान कोण घालणार? हे स्नान परिचारिकेने घातल्यास ती आरोग्यसेवा ठरते व मोफत असते. स्थानिक संस्थेने पाठविलेल्या मदतनीस बाईने घातल्यास ती सामाजिक देखभाल होते. घरी परतल्यानंतर पुन्हा हिंडते-फिरते होण्यासाठी दिली जाणारी मदत सहा आठवड्यांपर्यंत मोफत मिळू शकते. त्यानंतर मात्र ऐपतीचा प्रश्न येतो. २०१० पासून इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक भांडवल असलेल्या व्यक्तीने सामान्यतः आपल्या देखभालीचा सर्व खर्च स्वतः सोसावयाचा, असा नियम आहे. पाणी तेच, साबण तोच, वृद्धेचा संकोचही तोच. परंतु खाते बदलले की खर्च देणारा बदलतो. 'वैद्यकीय स्नान' आणि 'सामाजिक स्नान' असे शब्दप्रयोग ब्रिटनमधील व्यवहारात खरोखरच रूढ झाले होते, आणि १९९७ साली ज्यूलिया ट्विग ह्या विदुषीने 'जर्नल ऑफ सोशल पॉलिसी' ह्या नियतकालिकात सामाजिक स्नान ह्या कल्पनेचीच चिकित्सा केली होती. घरची व्यवस्था ठरेपर्यंत ती वृद्धा उपचार संपूनही खाटेवर पडून राहते, आणि तिची खाट ज्यास हवी असा दुसरा रोगी बाहेर ताटकळतो.

दोन्ही बाजू पाहणारा माणूस रुग्णालयात असावा, ही गरज मात्र ह्या कायद्यांहूनही जुनी आहे. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट ह्या बाईंची 'आमनर' म्हणून नेमणूक झाली. मोफत उपचार घेणाऱ्यांपैकी पैसे देण्याची ऐपत कोणास आहे, हे शोधून काढणे हा त्या नेमणुकीमागील एक मुख्य हेतू होता. परंतु रोग्याची ऐपत पाहावयाची म्हणजे त्याचे घर, कमाई व कुटुंब पाहणे आले. आणि घर पाहिल्यावर औषधाचा गुण का येत नाही, ह्याचेही उत्तर तेथेच सापडू लागले. हिशेबनीस म्हणून आलेली ही कर्मचारी हळूहळू समाजकार्यकर्ती बनली. १९४८ नंतर पैशाचा प्रश्न तिच्या कामातून गेला, आणि १९६० नंतरच्या दशकात 'वैद्यकीय समाजकार्यकर्ती' हे नाव रूढ झाले. पुढे १९७४ साली रुग्णालयांतील हे कार्यकर्ते आरोग्यसेवेकडून स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्यात आले. त्यामुळे सांधा जुळविणारा माणूसही सांध्याच्या एका बाजूस जाऊन बसला.

हे दोन तुकडे जोडण्याचे प्रयत्न तेव्हापासून सतत चालू आहेत. सीबोम समितीच्या १९६८ च्या अहवालानंतर १९७० च्या कायद्याने स्थानिक संस्थांतील विखुरलेल्या समाजसेवा एका खात्यात आणल्या. १९९० च्या कायद्याने वृद्ध व अपंग ह्यांची देखभाल शक्यतो त्यांच्या घरीच व्हावी, असे धोरण स्वीकारले. २०१४ च्या देखभाल-कायद्याने व्यक्तीचे सर्वांगीण कल्याण हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले, आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये आरोग्य व देखभाल ह्यांची एकत्र आखणी करण्यासाठी प्रारंभी ४२ मंडळे स्थापन झाली. उत्तर आयर्लंडमध्ये दोन्ही सेवा १९७३ पासूनच एका प्रशासनाखाली आहेत. स्कॉटलंडने २००२ मध्ये पासष्ट वर्षांवरील व्यक्तींची शारीरिक देखभाल मोफत केली व २०१९ मध्ये ती सवलत त्याहून लहान प्रौढांसही दिली. एकाच राज्यात एकाच प्रश्नाची अशी निरनिराळी उत्तरे असणे, ही अभ्यासकाच्या दृष्टीने मोठीच सोय म्हणावी लागेल.

ह्या पार्श्वभूमीवर पदवी-अभ्यासक्रमाची रचना समजते. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यास सामान्यतः तीन वर्षे लागतात, व त्या काळात ३६० श्रेयांक मिळवावे लागतात. एक श्रेयांक म्हणजे अंदाजे दहा तासांचे अध्ययन; म्हणजे वर्षास १,२०० व एकूण ३,६०० तास. ह्यांपैकी व्याख्यानांचा वाटा लहान असतो. उरलेला काळ वाचन, लेखन व प्रत्यक्ष काम ह्यांचा. पहिल्या वर्षी समाजशास्त्र, मानसशास्त्र, शरीराची प्राथमिक ओळख व समाजधोरण ह्यांचा परिचय होतो. दुसऱ्या वर्षी कायदा, नीती, संशोधनपद्धती आणि विशिष्ट गट, म्हणजे बालके, वृद्ध, मनोरुग्ण, अपंग, ह्यांच्या प्रश्नांकडे लक्ष दिले जाते. तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतःचा प्रबंधिका-विषय हाताळावा, अशी अपेक्षा असते. विद्यापीठागणिक तपशील बदलतो. क्रम मात्र साधारणतः असाच.

एवढी शास्त्रे एकत्र आणण्याचे प्रयोजन काय, हे एका प्रसिद्ध संशोधनावरून दिसेल. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण, जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा अधिक आढळले. येथेच थांबणारा विद्यार्थी 'श्रमाने हृदय सुरक्षित राहते' असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. परंतु १९५६ साली त्याच संशोधकांनी ह्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर तरुण वयोगटांतही मोठी असल्याचे दिसून आले. म्हणजे काम आणि प्रकृती ह्यांतील संबंध दिसतो तेवढा सरळ नव्हता. कोणत्या प्रकृतीचा माणूस कोणत्या कामाकडे जातो, हाही प्रश्न होता. आकडा वाचावा, त्यामागचे जीवन पाहावे, आणि मग आकड्यावर पुन्हा शंका घ्यावी, अशी शिस्त विद्यार्थ्यास लावणे हे ह्या शिक्षणाचे उद्दिष्ट आहे. ज्यांस वैद्यकाची गरज अधिक त्यांच्याच वाट्यास ते कमी येते, हा ज्यूलियन ट्यूडर हार्ट ह्या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ साली मांडलेला सिद्धांतही ह्याच शिस्तीने तपासावयाचा असतो.

कायद्याच्या अभ्यासालाही येथे निराळे वळण मिळते. इंग्लंड व वेल्स ह्यांस लागू असलेल्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार, अन्यथा सिद्ध होईपर्यंत प्रत्येक प्रौढ व्यक्ती निर्णय घेण्यास समर्थ मानली जाते. आणि एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्याच कारणाने त्यास असमर्थ ठरविता येत नाही. वर उल्लेखिलेल्या वृद्धेने जिना असलेल्या घरीच परत जाण्याचा हट्ट धरला, तर तिची मुले, डॉक्टर व समाजकार्यकर्ता ह्यांचे एकमत झाले तरी केवळ त्या एकमताने तिचा हट्ट मोडता येत नाही. सेवा करणे म्हणजे दुसऱ्याच्या वतीने ठरविणे नव्हे, हा धडा तरुण व कळकळीच्या विद्यार्थ्यास सर्वांत अवघड जातो. म्हणूनच अनेक ठिकाणी वृद्धाश्रम, रुग्णालय किंवा स्वयंसेवी संस्थेत प्रत्यक्ष काम करण्याची सोय केलेली असते. असे काम करण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या गुन्हेविषयक नोंदींची तपासणी होते, आणि कामानंतर केलेल्या चुकांसह अनुभवाचे चिंतन लिहून द्यावे लागते.

आता मर्यादेचा विचार. ही पदवी व्यवसायाचा परवाना देत नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून 'सोशल वर्कर' हे नामाभिधान कायद्याने संरक्षित आहे. ते लावण्यासाठी समाजकार्याची मान्यताप्राप्त पदवी व २०१९ पासून 'सोशल वर्क इंग्लंड' ह्या संस्थेकडे नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत परिचारिकेसाठी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, तर भौतिकोपचार व व्यवसायोपचार ह्यांसाठी आणखी निराळ्या परिषदेची नोंदणी लागते. आरोग्य व सामाजिक देखभाल ह्या विषयाच्या पदवीधरास ह्यांपैकी कोणत्याही पटावर केवळ त्या पदवीच्या बळावर नाव घालता येत नाही. तो सेवासंस्थांचे व्यवस्थापन, आरोग्यशिक्षण, स्थानिक संस्थांचे नियोजन, स्वयंसेवी कार्य अशा क्षेत्रांत जाऊ शकतो. अथवा समाजकार्याचा, सामान्यतः दोन वर्षांचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करून नोंदणीस पात्र होऊ शकतो. हा भेद प्रवेशापूर्वीच न जाणल्यास विद्यार्थ्याची तीन वर्षे व मोठा खर्च चुकीच्या अपेक्षेवर उभा राहतो. परदेशातून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर ही चूक अधिकच महाग पडते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय अगदी परका नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. तेच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४६ साली मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. भारतातील अशा नेमणुकांचा प्रारंभ तीपासून मानला जातो. संलग्न आरोग्य-व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचाही अंतर्भाव झाला आहे. तथापि सांध्याची जागा येथे वेगळी आहे. ब्रिटनमध्ये तो दोन सरकारी खात्यांच्या मध्ये येतो. येथे तो रुग्णालयाचे दार आणि घराचा उंबरठा ह्यांच्या मध्ये येतो. कारण रोग्यास घरी नेल्यानंतरची देखभाल बहुतांशी कुटुंबाकडे, आणि कुटुंबात सून, लेक किंवा पत्नी ह्यांच्याकडे जाते. त्या श्रमाची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. म्हणून तो श्रम नाही असे मात्र नव्हे.

एखाद्या पदवीचे मोल ती कोणती नोकरी मिळवून देते, एवढ्यावरून ठरविण्याची प्रथा आहे, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. ह्या पदवीपुरते एवढे म्हणता येईल की, ती हाती परवाना देत नाही; दृष्टी देते. खुब्याचे हाड जुळले म्हणजे माणूस बरा झाला, असे मानून वैद्यकाचे काम संपते. त्यानंतर स्नान कोण घालणार, हा प्रश्न विचारणारा माणूस कोठल्या तरी खात्यात असावा लागतो. आणि तो प्रश्न विचारण्यास शिकविणे, हेच ह्या अभ्यासाचे सार आहे.