एन्कोमिएन्दा म्हणजे जमीन नव्हे

स्पॅनिश विजेत्यांना (कॉन्किस्तादोर) अमेरिकेत मिळणारी एन्कोमिएन्दा ही जहागिरीची जमीन होती, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तो ठरावीक गावांतल्या मूळ रहिवाशांकडून खंडणी आणि श्रम वसूल करण्याचा हक्क होता. बदल्यात त्यांचे रक्षण आणि ख्रिस्ती धर्मशिक्षण एवढी जबाबदारी. टोलवसुलीचा ठेका मिळाला म्हणून रस्ता ठेकेदाराचा होत नाही, तसेच हे. पण जमीन हक्कात नव्हती म्हणून जाच कमी झाला नाही. खाणींत आणि शेतांत माणसे राबून मेली. क्यूबातली स्वतःची एन्कोमिएन्दा सोडून देणारे धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास या छळाविरुद्ध पुढे आयुष्यभर लढले. स्पॅनिश राजाच्या १५४२च्या कायद्यांनी हा हक्क वारसांना देण्यास मनाई केली. त्याविरुद्ध पेरूत गोन्झालो पिझारो या विजेत्याने बंड पुकारले, १५४६मध्ये राजाचा व्हाइसरॉय त्यात मारला गेला. मनाई तर राजाने १५४५मध्येच मागे घेतली होती.