गारपीट, छप्पर आणि दप्तर : शिरूरकडील एका वाड्याच्या निमित्तानें

जुनीं दप्तरें कशानें गेलीं असें विचारलें म्हणजे वाळवी, कसर, उंदीर आणि वारसांची अनास्था हीं नांवें आपण सवयीनें घेतों. घराच्या छपराचें नांव क्वचितच निघतें. वस्तुतः माडीवरील पेटाऱ्यांत ठेवलेल्या कागदांचें आयुष्य त्यांच्या डोकीवर काय आहे यावर फार अवलंबून असतें. वाळवीसुद्धां बहुधा ओल आल्यावरच येते. हा विषय गवंड्या-सुतारांचा, संशोधकांचा नव्हे, असें कोणी म्हणेल. आम्हांसहि परवांपर्यंत तसेंच वाटत होतें. परंतु शिरूर तालुक्यांतील एका घराण्याच्या दप्तराची जी स्थिति आम्हीं पाहिली, तिजवरून या विषयाचा खुलासा करणें जरूर वाटलें.

हा वाडा घोडनदीच्या खोऱ्यांतील एका गांवीं आहे. घराणें कुळकर्ण्यांचें. मोडी कागदांचे सतरा रुमाल माडीवर एका शिसवी पेटाऱ्यांत होते. छप्पर मंगळुरी कौलांचें, त्याखालीं जुना कडीपाट. एका वर्षीं चैत्रांत गारपीट झाली. जीं पांच-सहा कौलें उघड मोडलेलीं दिसलीं तीं घरच्यांनीं लागलीच बदललीं. ज्येष्ठांत पाऊस सुरू झाला. ओटीवर टिपूस नाहीं, भिंती कोरड्या. दिवाळीच्या सुमारास झाडलोट करतांना पेटारा उघडला, तों वरचे चार रुमाल विटेसारखे घट्ट झालेले. वर चढून शोध करितां पेटाऱ्याच्या बरोबर माथ्यावरील एका कौलास केसाएवढी चीर आढळली. तींतून झिरपलेलें पाणी कडीपाटाच्या एका सांध्यानें थेंब थेंब करून चार महिने पेटाऱ्यावर पडत होतें. मालकांनीं आम्हांस प्रश्न केला कीं, आतां कौलेंच ठेवावीं कीं तीं उतरवून लोखंडी पत्रा घालावा ? जुन्या वस्तूंचे अभिमानी म्हणून आम्ही कौलांची बाजू घेऊं अशी त्यांची समजूत असावी. आमची स्वतःचीहि प्रथम तशीच होती.

शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेंत येतात. वर्षाचा पाऊस साधारण वीस ते पंचवीस इंच, म्हणून येथें छपराची फारशी काळजी नको, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. येथें प्रश्न पावसाच्या मानाचा नसून वळवाचा आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जमीन तापते, समुद्राकडून दमट हवा आंत येते, आणि वरच्या थरांत थंड वारे वाहत असतात. अशा वेळीं ढग झपाट्यानें उंच चढतात. त्यांतील जोरदार ऊर्ध्ववात पाण्याचे थेंब गोठणाऱ्या थंडीच्या थरांत उचलून धरतो व गार वाढत जाते. भर पावसाळ्यांत हाच प्रदेश गारांपासून जवळजवळ मुक्त असतो, कारण तेव्हां गोठणबिंदूची पातळी फार उंच असते, ऊर्ध्ववात तितका प्रबळ नसतो, आणि लहान गार खालीं येतां येतां विरघळते. २०१४ सालीं फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत जी गारपीट झाली तिची आठवण शेतकऱ्यांस अद्याप आहे. गार किती घातक होऊं शकते याचें हिंदुस्थानांतील प्रसिद्ध उदाहरण मुरादाबादचें : १८८८ च्या एप्रिलांत तेथें गारांनीं दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. शिरूरकडे सुदैवानें बहुधा बोराएवढ्या, क्वचित् लिंबाएवढ्या गारा पडतात.

हा फरक मात्र लहान समजूं नये. एक इंच व्यासाच्या गारेचें वजन सुमारें आठ ग्रॅम. दोन इंचांच्या गारेचें सुमारें साठ ग्रॅम, आणि ती पडतेहि अधिक वेगानें. हिशेब केला तर व्यास दुप्पट झाला असतां आघाताची शक्ति जवळजवळ सोळापट होते. बोराएवढ्या गारा वीस वर्षें सोसलेलें छप्पर लिंबाएवढ्या गारांच्या पांच मिनिटांत निकामी होतें तें यामुळें.

आतां या प्रदेशांतील छपरांचा थोडा पूर्वेतिहास पाहूं. शिरूर तालुक्यांतच घोडनदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें, आणि इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शंभरांहून अधिक घरांचे अवशेष उजेडांत आणले. तीं घरें कुडाचीं व गवतानें शाकारलेलीं होतीं. पुढील काळांत या कोरड्या सपाट मुलुखांत धाब्याचीं घरें रुळलीं : तुळया, त्यांवर कड्या, फळ्या, आणि वर पांढरीची माती चोपून केलेलें सपाट छत. गारेचें धाब्यावर कांहींच चालत नाहीं. गार मातींत रुतते व विरघळते. याची दुसरी बाजू आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पांढरीची माती म्हणजे जुन्या वस्तीचा ढिगारा. धाब्यासाठीं ती वर्षानुवर्षें खणून नेतांना किती खापरें, नाणीं व भिंतींचे पाये नाहींसे झाले असतील याची गणति नाहीं. शिवाय धाबें भारी असतें. एक फूट जाडीच्या मातीचें ओझें दर चौरस मीटरास सुमारें पांचशें किलो होतें, आणि अशा ओझ्याखालीं काय घडतें तें १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत दिसलें. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर नवी माती घालून चोपणारे हातहि आतां थोडे उरले. तेव्हां सुस्थितींत असलेलें धाबें मोडूं नये, पण नवें घालण्याची सल्ला आम्ही देणार नाहीं.

उतरत्या छपरावर पूर्वीं कुंभारी नळीचीं कौलें असत. मंगळुरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ सालीं निघाला, आणि त्या धर्तीचीं सपाट, खांचेचीं कौलें कालांतरानें देशावरहि सर्वत्र पसरलीं. पन्हळी लोखंडी पत्र्याचा शोध १८२९ सालीं लंडनमध्यें हेन्री पामर यानें लावला. त्यास जस्ताचा मुलामा देण्याची युक्ति १८३७ सालीं फ्रान्सांत सोरेल यानें काढली. पुण्याहून दौंडावरून दिक्सळपर्यंत आगगाडी १८५८ सालीं सुरू झाली, तेव्हां असला बाहेरचा माल या भागांत येण्याची वाट मोकळी झाली. तात्पर्य, ज्यास आपण ‘जुनें’ म्हणून जपूं पाहतों तें मंगळुरी कौल या मुलुखांत पत्र्यापेक्षां फारसें वडील नाहीं. पेशवाईंतल्या वाड्यावर मंगळुरी कौलें पाहून गहिंवरणारे स्नेही आमच्या माहितींत आहेत. त्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

गारेखालीं या दोहोंची वागणूक अगदीं भिन्न आहे. कौल भाजलेल्या मातीचें. तें वांकत नाहीं, एक तर टिकतें किंवा फुटतें. कुंभारी कौल पातळ व कच्चें असल्यामुळें लवकर फुटतें. चांगलें भाजलेलें मंगळुरी कौल लहान गारा सोसतें. पण भय फुटण्याचें नव्हे. मोडून खालीं पडलेलें कौल मालकास हाक मारतें. जें तडकतें पण जागचें हलत नाहीं तें घात करतें, कारण गारपीट होते चैत्रांत आणि त्या चिरेची परीक्षा होते ज्येष्ठांत. मध्यंतरीं कडक ऊन असल्यानें कोणास संशयहि येत नाहीं. त्यांतून शाकारणी आधींच उरकलेली असली आणि मागाहून वैशाखाचा वळीव गारांसह आला, तर त्या वर्षीं छपरावर पुन्हां कोणी चढतच नाहीं.

लोखंडी पत्रा याच्या उलट. तो वांकतो, पोंचे पडतात, पण सहसा भोंक पडत नाहीं. अमेरिकेंत जेथें डांबरी शिंगलांचीं छपरें सार्वत्रिक आहेत तेथें छपराची गारेविषयींची परीक्षा पोलादी गोळे टाकून घेतात. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेच्या कसोटींत सर्वोच्च वर्गासाठीं दोन इंच व्यासाचा गोळा वीस फुटांवरून एकाच जागीं दोनदां टाकितात, आणि छपरास तडा जाऊं नये अशी अट असते. पोंचा पडला तर चालतो. या कसोटींतला भेद आमच्या कामाचा आहे : विद्रूप होणें वेगळें आणि फुटणें वेगळें. कागदांस पोंच्याची बाधा नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना. आपल्याकडे ‘पत्रा’ या एकाच नांवाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात. सिमेंटचा पत्रा हा धातु नव्हे. तो जुना झाला म्हणजे कौलासारखाच तडकतो, आणि ज्यांत ॲस्बेस्टॉस आहे त्याची धूळ फुफ्फुसांस अपायकारक असते. उजेडासाठीं मधें बसवितात तो प्लास्टिकचा पत्रा उन्हानें ठिसूळ होऊन गारेनें चक्क भोंसकला जातो; दप्तराच्या खोलीवर तो मुळींच नसावा. आम्ही बोलत आहों तें फक्त जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी पत्र्याविषयीं, आणि तोहि निदान अर्धा मिलिमीटर जाडीचा असावा.

याचा अर्थ पत्रा निर्दोष आहे असा नाहीं. त्याचे दोष कागदांच्या दृष्टीनें गंभीर आहेत, आणि ते न टाळतां कौलें उतरविणें म्हणजे आगींतून फोफाट्यांत पडणें होय. पहिला दोष उष्णतेचा. वैशाखांत उघडा पत्रा साठ अंशांपर्यंत तापतो. त्याखालीं कडीपाट नसेल तर जुन्नरी कागदासारखा चिवट कागदहि वर्षानुवर्षांच्या तापानें कडक होऊन घडीवर तुटूं लागतो. दुसरा घामाचा. रात्रीं पत्रा हवेपेक्षां थंड होतो आणि आंतील दमट हवेचें दंव त्याच्या पोटाला धरतें. छप्पर शाबूत असूनहि खालीं टपटप होतें. कौलांच्या फटींतून हवा खेळते, पत्र्याखालीं ती कोंडते. तिसरा दोष वाऱ्याचा, आणि शिरूर-दौंडाकडे हाच सर्वांत मोठा म्हणावा लागेल. गार एकटी येत नाहीं, वावटळ घेऊन येते. पत्रा फुटून घर उघडें पडल्याचीं उदाहरणें थोडीं, उडून गेल्याचीं पुष्कळ. पत्र्यावर दगड ठेवून भागविण्याची जी चाल खेड्यांतून दिसते ती धोक्याची आहे. पत्रा तर जातोच, दगडहि कोणाच्या तरी डोकींत बसतो. गारांचा पत्र्यावरील आवाज हा चौथा दोष म्हणून मालकांच्या मातोश्रींनीं आम्हांस निक्षून सांगितला. कागदांस त्याची तक्रार नाहीं.

या सर्वांचा निवाडा करतांना आम्हीं कागदाच्या प्रकृतीकडे पाहिलें. मोडी दप्तरांची शाई काजळाची व डिंकाची. ती उन्हानें विटत नाहीं. दोनशें वर्षांनंतरहि काल लिहिल्यासारखी काळी दिसते. पण डिंक पाण्यांत विरघळतो. शिवाय घोटलेल्या कागदास खळ दिलेली असते; ती भिजली कीं बंदास बंद चिकटतो, आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. उष्णता कागदास म्हातारा करते. पाणी एका पावसाळ्यांत मारतें. उष्णतेस उपाय करतां येतो व तो करण्यास सवडहि मिळते. केसाएवढ्या चिरेस सवड नाहीं. म्हणून ज्या घरांत दप्तर आहे आणि जेथें दर गारपिटीनंतर छपरावर चढणारें माणूस नाहीं, तेथें लोखंडी पत्रा घालावा असें आमचें मत झालें.

पण तो घालावा कसा, यांतच सारें आहे. कडीपाट काढूं नये. कंत्राटदार ‘जुनें लांकूड कशाला’ म्हणून तो उतरवावयास सांगतात, आणि चांगलें सागवान परभारें विकलेंहि जातें. तें ऐकूं नये. कडीपाट व पत्रा यांमध्यें निदान हातभर अंतर राखावें आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळी बसविलेले झरोके ठेवावे, म्हणजे ताप व दंव दोन्हींचा जोर मोडतो. पत्रा नुसत्या खिळ्यांनीं न ठोकतां आंकड्याच्या बोल्टांनीं खालच्या आडव्या लोखंडास जखडावा. बोल्टाचें भोंक पन्हळाच्या उंचवट्यावर पाडावें, खोलगट भागांत नव्हे, कारण पाणी तेथूनच वाहतें. वायसर उन्हानें खराब झाले कीं बदलावे. वळचणीच्या कडेला बोल्ट दाट असावे, वारा तेथूनच आंत शिरून पत्रा उचलतो.

ज्यांस कौलेंच ठेवावयाचीं आहेत, किंवा देवळासारख्या ठिकाणीं पत्रा शोभणार नाहीं, त्यांनीं गारा थांबल्यावर दुसऱ्या दिवशींच सबंध पाखें तपासावें. नुसतें पाहून भागत नाहीं. प्रत्येक कौलावर टिचकी मारावी. शाबूत कौल खणखणीत वाजतें, तडकलेलें बद्द वाजतें. कुंभाराकडून मडकें घेतांना आपल्या आजीबाई हेंच करीत. हें काम दोन माणसांचें एका सकाळचें आहे. आणि बदलावयास त्याच घाटाचीं कौलें पन्नास-साठ तरी घरांत शिल्लक असावीं, कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या खांचा एकमेकींत बसत नाहींत.

उपर्युक्त वाड्यावर मालकांनीं फक्त दप्तराच्या खोलीपुरता पत्रा घातला, आणि दर्शनी सोप्यावर कौलें राखलीं. तोड समंजसपणाची वाटली. पेटारा भिंतीपासून हातभर दूर, जमिनीवरून वीतभर उंच घडवंचीवर ठेवला असून त्यावर मेणकापड उतरतें घातलें आहे. दर अमावास्येस तें उचलून खालीं हात फिरवावा असें ठरलें आहे. चिकटलेल्या चार रुमालांपैकीं दोन सावलींत, टीपकागद घालघालून, बंदामागून बंद सुटे झाले. त्यांत गांवच्या पाणंदीच्या व शिवेच्या तंट्याचे कागद आहेत, अक्षर बहुतेक वाचतां येतें. राहिलेले दोन अद्याप उलगडलेले नाहींत. त्यांच्या कडांवर पाण्याबरोबर वाहून आलेली शाई एकत्र साचून काळी रेघ झाली आहे.