बाप्तिस्म्याचा दाखला कुठल्या गावचा?

नवी मुंबईत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत चर्च वाढली आणि रविवारच्या मिस्साची गर्दीही वाढली. यात वाद नाही. पण ही वाढ कशाने झाली असं विचारलं, की दहांतले आठ जण पटकन म्हणतात, धर्मांतराने. एवढं मोठं विधान करताना कुणी साधी चौकशीही केलेली नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्यात आपल्याच शेजाऱ्यांवर आरोप असतो.

चौकशीसाठी नवी मुंबईलगतचा मोरा बंदर आणि उरण हा टापू उत्तम आहे. या एका तालुक्यात कॅथलिक समाज दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या कारणांनी वाढला. पहिल्या खेपेला धर्मांतराने, दुसऱ्या खेपेला स्थलांतराने. दोन्हींच्या सुरुवातीत काही शतकांचं अंतर आहे. लोक पहिल्या खेपेची गोष्ट उचलून दुसऱ्या खेपेला चिकटवतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी पहिली खेप. उरण म्हणजे जुन्या कागदपत्रांतलं करंजा बेट. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि हा किनारा दोनशे वर्षं त्यांच्या अमलाखाली गेला. द्रोणागिरीच्या डोंगरावर त्या काळच्या किल्ल्याचे आणि चर्चचे अवशेष आहेत. उरण गावातलं ‘अवर लेडी ऑफ प्युरिफिकेशन’ चर्च हा त्याच वारशाचा जिवंत भाग आहे. या दोनशे वर्षांत कोळी, भंडारी, आगरी, कुणबी, ब्राह्मण अशा अनेक जातींतली कुटुंबं ख्रिस्ती झाली, कधी घर एकटं, कधी सबंध वाडी.

हे सगळं राजीखुशीने झालं, असं काही ख्रिस्ती मंडळी सांगतात. तसं नव्हतं. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचं चर्च झालं. मोऱ्यासमोरच्या घारापुरीची लेणी पोर्तुगीज काळात विद्रूप झाली. आईबाप नसलेल्या मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे हुकूम पोर्तुगीज राजवटीने काढले होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि मधला एक छोटा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. हे नाकारण्यात कुणाचंच भलं नाही.

पण उलट टोकही तितकंच चुकीचं आहे. सगळे तलवारीच्या धाकाने बाटवले असते, तर राजवट जाताच समाज परत फिरला असता. तसं झालं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली होती, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं आहे. युरोपीय पाद्री निघून गेले आणि त्यांच्या जागी गोव्याकडचे देशी पाद्री आले. करंजावर मराठ्यांचा अंमल बसला. पुढे १७८२ च्या साळबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी आणि करंजा इंग्रजांच्या हाती कायमचे गेले. पोर्तुगीज गेल्यावर कुणाच्या धाकाचा प्रश्नच उरला नव्हता, तरी ही कुटुंबं ख्रिस्तीच राहिली. पहिल्या पिढीने बाप्तिस्मा का घेतला, याची कारणं भीती, जमीन, नोकरी, श्रद्धा, जातीच्या जाचातून सुटका अशी मिसळलेली होती. चौथ्या-पाचव्या पिढीला मात्र तो आजोबा-पणजोबांचा धर्म होता, आणि आपला धर्म आपण जसा मिळवतो तसाच त्यांनाही तो मिळाला होता.

आडनावावरून कुणी डिसोझा, परेरा, फर्नांडिस म्हटलं की ‘ही पोर्तुगीजांची औलाद’ असं बोलणारे अजून भेटतात. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळत असे, एवढाच त्याचा अर्थ. रक्तसंबंध काही थोड्या घरांत असतील. अलिबागच्या दक्षिणेला चौलच्या खाडीतोंडाशी कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. पण तो अपवाद आहे आणि म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ तिकडे धाव घेतात. बाकी उत्तर कोकणचे जुने कॅथलिक घरात मराठीच बोलतात. लग्नात उंबराचं पाणी आणतात, म्हाताऱ्या बायका लुगडं नेसत आल्या आहेत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नव्या भाताचा आगेरा साजरा होतो. हे कुणी लिस्बनहून आणलेलं नाही.

ख्रिस्ती धर्म या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीच प्रथम आणला, हेही खरं नाही. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ इथल्या बिशपचा उल्लेख करतो, आणि ते आपलं कल्याण असावं असं बरेच अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्या काळच्या ख्रिस्ती प्रवाशांच्या लेखनातून कळतं, की तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्त्यांची काही घरं होती. व्यापाराच्या वाटेने आलेली माणसं. म्हणजे या किनाऱ्यावर स्थलांतराने आलेला ख्रिस्ती धर्म वास्को द गामाच्या आधीचा आहे.

आता दुसरी खेप. तिची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. इंग्रजांच्या मुंबईत गोव्याची आणि मंगळूरची माणसं बोटीने आली. कुणी जहाजावर खलाशी, कुणी आचारी, कुणी बँडवाले, कुणी कारकून. गावोगावच्या गोवेकरांनी धोबी तलावाच्या परिसरात आपापले ‘कूड’ काढले, म्हणजे एका गावच्या पुरुषांनी मिळून राहायच्या खोल्या. इंग्रज सगळ्यांनाच ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणत. नोकऱ्यांत आपण मागे पडतो, हे इथल्या मूळ मराठी कॅथलिकांच्या लक्षात आलं. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि आपली वेगळी ओळख नोंदवली. ईस्ट इंडियन हे नाव ऐकून आज अनेकांना हे बंगाल-ओडिशाकडचे लोक वाटतात. प्रत्यक्षात ते इथलेच भूमिपुत्र. बाहेरून आलेल्या आपल्याच धर्मबांधवांपासून वेगळं दिसावं, म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. एका चर्चमध्ये बसणारेही एका मुशीतले नसतात, हे त्यातून दिसतं.

उरणपुरतं बोलायचं तर खरी उलथापालथ १९७० नंतर झाली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं आणि उरणला ओएनजीसीचा प्रकल्प आला. नौदलाचं शस्त्रागार आधीपासून होतंच. मे १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. शेती आणि मिठागरांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत त्याविरुद्धच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या आणि देशभरातून नोकरदार आले. त्यांत केरळचे फिटर आणि नर्स होत्या, मंगळूरचे कारकून होते, गोव्याचे दर्यावर्दी होते, तमिळनाडूचे मजूर होते. जो तो आपला देव बरोबर घेऊन आला. याच काळात सीवूड्‌स-नेरूळला अय्यप्पाचं देऊळ उभं राहिलं, वाशीत गुरुद्वारा झाला. अय्यप्पाच्या देवळाची गर्दी पाहून कुणी धर्मांतराची शंका घेत नाही. चर्चच्या वाट्याला ती शंका येते.

याचा पुरावा हवा असेल तर तो कागदावर आहे. कॅथलिक चर्चमध्ये लग्न करायचं तर बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि तो ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला तिथूनच मागवावा लागतो. नवी मुंबईत लग्न लावणाऱ्या जोडप्यांचे दाखले त्रिशूर, उडुपी, सावंतवाडी, बार्देस, तुतीकोरीन इथून येतात. ते एकेका माणसाच्या गावाचं नाव सांगतात. केरळी कॅथलिकांची संख्या तर एवढी झाली, की सिरो-मलबार पंथाच्या स्थलांतरितांसाठी १९८८ मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन करावा लागला. धर्मांतर झालेल्यांसाठी रोमने केरळी विधींचा धर्मप्रांत कशाला काढला असता?

एक गुंता मात्र खराखुरा आहे. झारखंड-छत्तीसगडचे उरांव, मुंडा, खडिया आदिवासी घरकामाला आणि बांधकामावर मुंबईत येतात. त्यांच्यात कॅथलिक बरेच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉन्स्टंट लीव्हन्स या बेल्जियन जेझुइटने छोटानागपूरमध्ये जमीनदारांविरुद्धच्या खटल्यांत आदिवासींची बाजू धरली आणि मोठी धर्मांतरं झाली. म्हणजे इथे येणारी मुलगी धर्मांतरितांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतली असते, पण नवी मुंबईच्या हिशेबात ती स्थलांतरित असते. तिला पाहून ‘बघा, आदिवासी बाटवले’ म्हणणाऱ्याला सव्वाशे वर्षांपूर्वीची रांचीकडची घटना नेरूळला काल घडल्यासारखी वाटते.

आकड्यांकडे वळू. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १०.५८ लाख होते, २०११ मध्ये १०.८० लाख. दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, ख्रिस्ती सुमारे २ टक्क्यांनी. एकूण लोकसंख्येतला त्यांचा वाटा १.०९ वरून ०.९६ टक्क्यांवर आला. आणि यात कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळे धरले आहेत. कॉन्व्हेंट शाळांतून दीडशे वर्षं हिंदू मुलांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या, तरी वाटा टक्क्याखाली. नवी मुंबईत चर्च वाढली आणि राज्यात प्रमाण घटलं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण माणसं गिरगाव-वांद्र्याहून, कोकणातून, परराज्यांतून सरकत सरकत खाडीपलीकडे आली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे काही जण प्रार्थनेला जातात, पण कागदावर हिंदूच राहतात. असं घडतं. मात्र ते प्रामुख्याने स्वतंत्र पेन्टेकोस्टल मंडळ्यांच्या भोवती घडतं. चाळीतल्या खोलीत किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या चंगाई सभा कॅथलिक चर्चच्या नसतात आणि बिशपचा त्यांच्याशी संबंध नसतो. बहुतेक बातम्यांत सगळ्यांना मिळून ‘मिशनरी’ म्हटलं जातं आणि बाचाबाची झाली की दगड जवळच्या कॅथलिक शाळेवर पडतो.

कॅथलिक पद्धतीत प्रौढ माणसाला लगेच बाप्तिस्मा देत नाहीत. बरेच महिने, पुष्कळदा वर्षभर शिकवण असते आणि साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो. कुणावरही श्रद्धेची सक्ती करू नये, हे चर्चच्या कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून ते जगापुढे मांडलं. लग्नासाठी जोडीदाराला ख्रिस्ती व्हावंच लागतं, हाही तसाच पसरलेला समज. बिशपची परवानगी घेऊन हिंदू वधू किंवा वर हिंदू राहूनच चर्चमध्ये लग्न करू शकतात.

महाराष्ट्रात आधुनिक काळात धर्मांतराने झालेली कॅथलिक वाढ पाहायची असेल तर ती घाटावर, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर पुढची काही दशकं तिथले महार-मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. प्रोटेस्टंट अमेरिकन मराठी मिशन तिथे आधीपासून होतं आणि नंतर जर्मन-स्विस जेझुइट आले. धान्यासाठी झाले असं हिणवलं जातं. भूक होती, हे खरं. पण पाणवठ्यावर उभं राहू न देणाऱ्या गावात ज्याने पोराला शाळेत बसवलं, त्याचा धर्म माणसाला आपला वाटला, यात लाज कुणी बाळगायची ते गावाने ठरवावं. श्रीरामपूरजवळ हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते, लोक पायी येतात, नवस बोलतात. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला तो या ग्रामीण समाजाच्या बळावर. नवी मुंबईची गोष्ट अशी नाही, आणि दोन्ही एकाच तागडीत टाकल्या तर दोन्ही कळत नाहीत.

स्थलांतराने चर्च किती वाढू शकतं, हे आखाती देशांत दिसतं. तिथे मुसलमानाने धर्म सोडण्याला मान्यता नाही, म्हणजे धर्मांतराचा मार्ग जवळजवळ बंदच. तरीही अरबस्तानात लाखो कॅथलिक आहेत, केरळचे, गोव्याचे, फिलिपिन्सचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीत मिस्सा केला तेव्हा लाखाहून अधिक माणसं आली होती.

उरणला अशी आणखी माणसं येणार आहेत. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही पोचली. पनवेलजवळचा विमानतळही सुरू झाला आहे. ओहोटीला गाळात अडकणाऱ्या मोऱ्याच्या लाँचवर आता कुणाचं अडणार नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या भागात देवळं वाढतील, मशिदी वाढतील, गुरुद्वारे वाढतील आणि चर्चही वाढतील. तेव्हा पुन्हा हाच आरोप होईल. तो करणाऱ्याने आधी शेजारच्या घरी जाऊन, चहा घेता घेता, एवढंच विचारावं, की तुम्ही मूळचे कुठले, आणि इथे कधी राहायला आलात.