एक टन कागदाचे चित्र

कागदाची बाजारातील किंमत सर्वांना ठाऊक असते. परंतु तो तयार होताना वनस्पती, पाणी व हवा यांना जी झीज सोसावी लागते, तिचा आकडा कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. हा अदृश्य खर्च सामान्य वाचकास एका दृष्टिक्षेपात समजावा, यासाठी चित्रालेख काढतात. तो आखण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : कोणते माप घ्यावयाचे आणि काय दाखवावयाचे.

माप

चित्रातील सर्व आकडे एकाच परिमाणावर, उदाहरणार्थ एक टन तयार कागदावर, बेतलेले असावेत. एका रकान्यात एका वहीचे पाणी व दुसऱ्यात साऱ्या देशाचे लाकूड अशी मांडणी केल्यास तुलनाच अशक्य होते. चिन्हांविषयीचा नियम ऑटो नॉयराट यांनी घालून दिला. व्हिएन्ना येथे १९२५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संग्रहालयात अधिक प्रमाण दाखविण्यासाठी चिन्ह मोठे करीत नसत. तेच चिन्ह अधिक वेळा काढीत. पिंपाच्या चित्राची उंची व रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वाचकाची फसगत होते.

झाड पुरेसे नाही

अशा चित्रांच्या मध्यभागी बहुधा तोडलेले झाड असते. तेवढ्यावर थांबल्यास काय घडते, हे काडाच्या कागदावरून स्पष्ट होईल.

लाकूड कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात शिजविले, की तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन विरघळते. लाकडाच्या वजनाच्या सुमारे निम्मा लगदा हाती येतो. उरलेला भाग काळ्या द्रावात जातो. मोठ्या गिरण्या हा द्राव आटवून भट्टीत जाळतात. त्यामुळे वाफ मिळते आणि रसायनेही पुन्हा वापरता येतात.

गव्हाच्या काडापासून कागद केला, तर एकही झाड तुटत नाही. परंतु काडात सिलिका पुष्कळ असते. ती द्रावात उतरते आणि तो आटविणाऱ्या नळ्यांवर तिचा थर बसतो. रसायने परत मिळविण्याची खर्चिक यंत्रसामग्री लहान गिरण्यांना परवडत नसे. म्हणून १९९० च्या दशकात भारतातील अशा अनेक गिरण्यांचा काळा द्राव नदीनाल्यांत जात होता. केवळ झाडे मोजणाऱ्या चित्रात या गिरण्या निर्दोष ठरल्या असत्या. शेजारी काळ्या द्रावाचे चिन्ह मांडताच निर्णय उलटतो.

रद्दीचा हिशेबही असाच पूर्ण मांडावा. रद्दीमुळे नवे तंतू वाचतात. परंतु शाई काढताना गाळ निघतो, आणि प्रत्येक फेरीत तंतू आखूड व दुबळे होत जातात. त्यामुळे नव्या तंतूंची भर घालावीच लागते.

चित्राची मांडणी

तेव्हा लाकूड, काड व रद्दी असे तीन स्तंभ करावेत आणि प्रत्येकासमोर कच्चा माल, पाणी, इंधन व सांडपाणी अशा चार ओळी असाव्यात. शेवटी प्रत्येक आकड्याखाली साल आणि गिरणीचा प्रकार अवश्य लिहावा. १९९० च्या दशकात भारतातील अनेक गिरण्या टनामागे १०० घनमीटरहून अधिक पाणी वापरीत; पाणी फिरवून वापरणाऱ्या आधुनिक गिरण्यांत हे प्रमाण ५० घनमीटरांच्या खाली आले आहे. साल न दिल्यास सुधारलेल्या गिरणीवर जुना दोष येतो, आणि न सुधारलेली गिरणी नव्या आकड्याआड लपते.