तंत्रविद्या, ज्यूरी आणि वकील : मॉर्गन चू यांची कारकीर्द

एकस्व अथवा पेटंट हा शब्दांनी बांधलेला हक्क होय. शेताची हद्द दगड रोवून दाखविता येते. शोधाची हद्द मात्र एकस्वाच्या अखेरीस दिलेल्या दाव्यांच्या वाक्यांवरूनच ठरवावी लागते. या वाक्यांचा अर्थ कसा लावावयाचा, या प्रश्नाभोवतीच अमेरिकेतील तंत्रविषयक वकिली उभी आहे. तिचे स्वरूप समजण्यास लॉस एंजेलिस येथील विधिज्ञ मॉर्गन चू यांची कारकीर्द विशेष उपयुक्त आहे.

१९५० साली जन्मलेल्या चू यांनी माध्यमिक शिक्षण पुरे न करताच शाळा सोडली. तथापि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत त्यांनी डॉक्टरेट संपादन केली आणि १९७६ मध्ये हार्वर्ड येथून कायद्याची पदवी घेतली. भौतिकीतील नोबेल पारितोषिकाचे १९९७ सालचे एक मानकरी स्टीव्हन चू हे त्यांचे थोरले बंधू. 'आयरेल अँड मनेला' या वकिली संस्थेत त्यांचा बराच काळ गेला.

त्यांची ख्याती झाली ती 'स्टॅक' विरुद्ध 'मायक्रोसॉफ्ट' या खटल्याने. संगणकातील मजकुरात तेच ते अक्षरसमूह वारंवार येतात. ते पुन्हा न लिहिता पूर्वीच्या स्थानाची केवळ खूण ठेवली, तर तोच मजकूर थोड्या जागेत मावतो. या संकोचनपद्धतीसंबंधीची एकस्वे स्टॅक या लहान कंपनीकडे होती. मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएस-डॉस प्रणालीत तशीच सोय अंतर्भूत केल्यावर १९९३ मध्ये स्टॅकने दावा लावला. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्यूरीने स्टॅकला १२ कोटी डॉलर भरपाई देवविली. परंतु व्यापारी गुपिताविषयीच्या प्रतिदाव्यात मायक्रोसॉफ्टलाही सुमारे १ कोटी ३६ लाख डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी उभय पक्षांत तडजोड झाली.

येथे वकिलाची खरी कसोटी लागते. ज्यूरीतील माणसे सामान्य नागरिक असतात. गणिती पद्धतीची त्यांना पूर्वओळख असतेच असे नाही. दाव्यांच्या शब्दांचा अर्थ ठरविणे हे न्यायाधीशाचे काम होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'मार्कमन' खटल्यात दिला. तरीही प्रतिपक्षाची वस्तू त्या शब्दांच्या कक्षेत येते किंवा नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न ज्यूरीकडेच राहिला. म्हणून सुबोध निवेदनाला असाधारण मोल येते, आणि त्यातच एक धोकाही संभवतो. कारण जे अधिक सुबोध ते अधिक खरे असेलच असे नाही.

या धोक्यास अपिलाचा अंकुश असतो. 'सिटी ऑफ होप' या संशोधनसंस्थेच्या वतीने चू यांनी 'जेनेन्टेक' या कंपनीविरुद्ध स्वामित्वशुल्काचा वाद चालविला. २००२ मध्ये ज्यूरीने सुमारे ५० कोटी डॉलर देवविले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३० कोटींची भरपाई कायम राखून दंडात्मक २० कोटी रद्द केले. 'टिव्हो' विरुद्ध 'एकोस्टार' हा दूरचित्रवाणी-मुद्रणयंत्राविषयीचा खटलाही असाच लांबला. २००६ मध्ये ज्यूरीने टिव्होला सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलर दिले. अपील न्यायालयाने २००८ मध्ये आज्ञावलीविषयक दाव्यांवरील निर्णय उचलून धरला, यंत्ररचनाविषयक दाव्यांवरील निर्णय मात्र फिरविला. पुढे प्रतिवादीने आज्ञावलीत केलेला बदल पुरेसा आहे काय, यावरून न्यायालयाच्या अवमानाचा प्रश्न उपस्थित झाला आणि २०११ मध्ये ५० कोटी डॉलरांची तडजोड होऊन वाद मिटला.

ज्यूरीचा कौल हा अशा वादाचा मध्य असतो, शेवट क्वचितच असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. लहान शोधकाला बलाढ्य कंपनीसमोर उभे राहता येणे हे या पद्धतीचे श्रेय होय. पण त्यासाठी लागणारी वर्षे व द्रव्य सर्वांपाशी नसते, ही तिची उणीवही तितकीच खरी आहे. बौद्धिक संपदेच्या अभ्यासकाने म्हणूनच कायद्याच्या कलमांबरोबर खटल्यांचा संपूर्ण प्रवासही अभ्यासणे अगत्याचे आहे.