बागेतला धबधबा : दगड निवडावा कसा, बसवावा कसा

बंगले, फार्महाऊस, हॉटेले आणि रिसॉर्ट यांच्या बागांत लहानसे तळे आणि त्यावर धबधबा करून घेण्याची हौस आता चांगलीच रुजली आहे. कर्जत, लोणावळा, पाचगणी या बाजूला अशी कामे निघतात आणि शहरातही निघतात. एका धबधब्यामागे पाथरवट, गवंडी, प्लंबर, वायरमन, पंपाचा दुकानदार आणि दगड आणणारा ट्रकवाला अशा पाच-सहा जणांची रोजी असते. यातल्या प्रत्येक धंद्यात आपले बांधव आहेत. म्हणून या कामातली मुख्य वस्तू जो दगड, त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

या कामातली तक्रार बहुधा एकच असते. काम झाले, पंप चालू केला, गिऱ्हाईक खूष झाले. पंधरा दिवसांनी निरोप येतो की तळ्यातले पाणी रोज उतरते, भरता भरता नाकी नऊ आले. शेवटचा हप्ता तिथेच अडकतो. गवंडी प्लंबरकडे बोट दाखवतो, प्लंबर प्लास्टिक अंथरणाऱ्याकडे. पुष्कळदा तिघांपैकी कोणाचेच सामान खराब नसते. पंपाने वर चढवलेले पाणी दगडावरून येण्याऐवजी दगडाच्या मागून आणि खालून वाट काढते आणि कडेच्या मातीत मुरते. दोष असतो तो दगडाच्या बैठकीत. गिऱ्हाइकाला धबधबा हा दगडांचा ढीग दिसतो. करणाऱ्याने त्याला पन्हाळ समजावे. पन्हाळीच्या हिशेबाने जो दगड लावतो त्याला परत बोलावणे येत नाही.

दगड कोणता घ्यावा

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. भूगर्भशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. धबधब्यासाठी याच्याइतका भरवशाचा दगड इकडे दुसरा नाही. तो पाणी फारसे पीत नाही, त्याची धार लवकर झिजत नाही आणि ओला झाला की त्याचा रंग खुलतो. मात्र काळा दिसला म्हणून सगळा सारखा नसतो. हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी दगड खणखणीत वाजतो. आतून चीर गेलेला किंवा कुजलेला दगड बद्द आवाज देतो. ज्याचे कांद्यासारखे पापुद्रे निघतात तो मुरूम होण्याच्या वाटेवरचा दगड आहे, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल मातकट पट्टा असतो, तोही पाण्यात टिकत नाही.

काही काळ्या दगडांत लहान-मोठी छिद्रे असून त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. दिसायला ते फार सुंदर असतात आणि गिऱ्हाईक हौसेने मागते. द्यायला हरकत नाही, पण एखादा दर्शनी दगड म्हणून. ज्याच्यावर भार येणार किंवा ज्याच्या कडेवरून पाणी पडणार, तो दगड सघनच असावा.

कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर जांभा मिळतो. ताजा काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेत टणक होतो, हे आपल्या पाथरवटांना सांगायला नको. त्याच्या छिद्रांत ओल राहते, शेवाळ लवकर धरते आणि वर्षभरात धबधबा जुना, मुरलेला दिसू लागतो. हा त्याचा गुण. अवगुण असा की त्याच्या कडा भुगा होऊन जातात आणि तो पाणी शोषतो. म्हणून जांभा कडेच्या भिंतींना लावावा, पाणी पडण्याच्या ओठाला लावू नये.

चुनखडीचा दगड, म्हणजे शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर, याविषयी सावध राहावे. फरशीला हे दगड उत्तमच आहेत. पण तळ्यात मासे सोडायचे असतील तर चुनखडीतला चुना हळूहळू विरघळून पाणी जड होते आणि दगडावर पांढरा थर धरतो. ओळखणे सोपे आहे. दगडाचा कोपरा फोडून ताज्या भागावर संडास धुण्याच्या ॲसिडचे दोन थेंब टाकावेत, हात आणि डोळे सांभाळून. भरभरून फेस आला तर चुनखडी समजावी. काळ्या दगडातल्या पांढऱ्या स्फटिकावरही कधी फेस येतो, म्हणून परीक्षा दगडाच्या अंगावर करावी, स्फटिकावर नव्हे.

नदीतले गोल गोटे तळाला अंथरायला छान, पण एकावर एक रचायला निरुपयोगी. गोल दगडाला बैठक नसते.

एका धबधब्याला दगड एकाच जातीचा वापरावा. राजस्थानचा पिवळा, आंध्रचा काळा आणि कोकणचा लाल असे तिन्ही एका जागी रचले की दगडाच्या वखारीचा देखावा तयार होतो. त्याच जातीत लहान-मोठे आकार मात्र भरपूर असावेत. सारख्या आकाराचे दगड ओळीने लावले की कुंपण दिसते. दगडाच्या अंगावर थरांच्या रेघा असतील तर सगळ्या दगडांच्या रेघा एकाच दिशेने ठेवाव्यात. डोंगरात त्या तशाच असतात आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खोट जाणवते.

दगड आणताना कागद सांभाळा

ओढ्यातून किंवा डोंगरावरून दोन-चार दगड उचलून आणले तर कोण विचारतो, असे पुष्कळांना वाटते. दगड हे गौण खनिज आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज नियम लागू आहेत, आणि परवानगीशिवाय खनिज काढल्यास किंवा नेल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो, वाहनही जप्त होऊ शकते. राखीव जंगलातून दगड काढणे १९२७ च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. अडकतो तो ट्रकवाला. बंगल्याचा मालक नव्हे. तेव्हा खाणीतून किंवा वखारीतून पावती आणि वाहतूक पास घेऊनच माल उचलावा. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदाईत निघालेला दगड घ्यायचा असला तरी आधी तलाठी कार्यालयात विचारून घ्यावे.

वजनाचा हिशेब

भाव सांगताना नग मोजून सांगू नये. घन काळा दगड फुटाच्या घनाला सुमारे ८२ किलो भरतो. तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट जाड असा एक दगड, त्याच्या गोलाईचा चौथा हिस्सा वजा केला तरी साडेपाचशे किलोचा होतो. चार माणसांनी ‘लाव जोर’ म्हणून उचलण्याची ही वस्तू नाही. सैल भरलेला दगड ब्रासला साडेचार ते पाच टन पडतो. हे आकडे हाताशी असले म्हणजे गाडी किती टनांची हवी, तिपाईला चेन पुली कोणती लागेल आणि मजूर किती लागतील हे आधीच कळते, आणि भाव अंगलट येत नाही. माझे स्पष्ट मत आहे की दगडाची किंमत, वाहतूक आणि बसवण्याची मजुरी या तीन रकमा वेगळ्या लिहून द्याव्यात. गिऱ्हाईक घासाघीस करते ते एका मोठ्या आकड्यावर.

दोर दगडाच्या धारेवर कापला जातो, म्हणून जुन्या टायरचे तुकडे मध्ये घालावेत किंवा रुंद पट्टा वापरावा. टांगलेल्या दगडाखाली हात घालून माती सारण्याची सवय आपल्या मजुरांना आहे, ती मोडावी. हातापेक्षा पहार स्वस्त. दगड कापताना पाणी मारून कापावा. वालुकाश्माच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग जडतो आणि तो बरा होत नाही. काळ्या दगडात हा धोका कमी, पण कोरडी धूळ कोणतीच चांगली नाही.

बैठक

आधी माती चांगली ठोकून घ्यावी. भरावाच्या मातीवर टनाचा दगड ठेवला तर पहिल्या पावसाळ्यात तो खचतो आणि ओठ एका बाजूला कलतो. मोठ्या दगडांखाली काँक्रीटचा थर द्यावा. त्यावर जुने गोणपाट किंवा जाड नमदा, आणि त्यावर जलरोधक प्लास्टिक किंवा रबराचे अस्तर. हे अस्तर तळ्यापासून धबधब्याच्या माथ्यापर्यंत सलग असेल तर उत्तम. जोड द्यावाच लागला तर कौलांसारखा द्यावा; वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर आली पाहिजे. दोन्ही बाजूंना अस्तराच्या कडा पाण्याच्या पातळीपेक्षा निदान चार-सहा इंच उंच उचलून दगडांच्या मागे दडवाव्यात. बहुतेक गळती याच कडांवरून होते, कारण शिंतोडे किती दूर जातात याचा अंदाज कोणी घेत नाही.

दगड खालून वर लावावेत. सर्वांत जड दगड तळ्याच्या काठाशी, पायाला. त्यानंतर दोन्ही बाजूंचे दगड, जे पाण्याला मध्ये धरून ठेवतात. पाण्याचा ओठ शेवटी. प्रत्येक दगड त्याच्या रुंद बाजूवर बसवावा, मागे किंचित झुकता ठेवावा आणि थोडा जमिनीत रुतवावा, म्हणजे तो तिथेच उगवल्यासारखा दिसतो. नुसता वर ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो. बसवल्यावर त्यावर उभे राहून पाहावे. माणसाच्या वजनाने हलला तर पाण्याच्या माराने आज ना उद्या हलणारच, आणि गिऱ्हाइकाची मुले त्यावर चढल्याशिवाय राहत नाहीत.

आता ओठ. सगळ्या कामाचा जीव या एका दगडात आहे. तो पाणपातळी लावून आडवा अगदी समतल बसवावा, नाहीतर सगळे पाणी एका कोपऱ्यातून पडते. पुढच्या बाजूला अगदी थोडा उतार असावा. त्याची कड धारदार हवी. गोल कडेवरून पाणी सुटत नाही, किटलीच्या तोटीवरून चहा खाली ओघळतो तसे ते दगडाच्या पोटाला चिकटून मागे जाते. कड गोल असेल तर छज्ज्याखाली पाणी तुटण्यासाठी जशी खाच ठेवतो, तशी दगडाच्या खालच्या अंगाला छिन्नीने खाच काढावी. ओठ निदान तीन-चार इंच पुढे काढला म्हणजे पाणी मोकळे पडते.

ओठाच्या खाली आणि बाजूंना राहिलेल्या फटी बुजवल्याशिवाय पाणी वरून येणार नाही. त्यासाठी फुगणारा काळा फोम मिळतो. तो दगड बसवल्यावर फटीत मारावा आणि ओला असतानाच त्यावर त्याच दगडाची बारीक खडी दाबावी, म्हणजे दिसत नाही. फोम पाणी वळवतो, दगडाचा भार पेलत नाही, एवढे लक्षात ठेवावे. भार दगडावर दगड बसूनच पेलला पाहिजे.

दगडाचा पृष्ठभाग कसा आहे यावर पाण्याचे रूप ठरते. गुळगुळीत कडेवरून पाणी काचेसारखे पडते, खडबडीत अंगावरून पांढरे होऊन उतरते. हे हुन्नर आपल्या जुन्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. श्रीनगरच्या निशात आणि शालिमार बागांत पाणी तिरप्या कोरीव शिळेवरून सोडलेले आहे. तिला चादर म्हणत. शिळेवर मुद्दाम खवलेदार नक्षी काढलेली असे, म्हणजे थोडे पाणीही फेसाळून चमकते. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पाणचक्कीतही हौदात उंचावरून पडणारे पाणी पाहण्यासारखे आहे. पंप लहान ठेवायचा असेल तर खडबडीत, तिरपा दगड घ्यावा. कमी पाण्यात जास्त देखावा होतो आणि विजेचे बिलही कमी येते.

पंपाविषयी थोडक्यात. ओठाच्या प्रत्येक फूट रुंदीमागे तासाला साडेचार ते सात हजार लिटर पाणी लागते. खोक्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो. आपल्या उंचीला पंप किती पाणी देतो ते कंपनीच्या तक्त्यात पाहूनच द्यावा. पाण्यात वीज असल्यामुळे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय काम गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नये.

पाणी उतरते तेव्हा

तक्रार आली तर लगेच दगड उखडू नयेत. रात्रभर पंप बंद ठेवावा. पाणी जागच्या जागी राहिले तर तळे ठीक आहे, गळती धबधब्यात किंवा त्याच्या पाइपात आहे. पंप बंद असूनही उतरले तर तळ्याचे अस्तर तपासावे. दुसरी कसोटी बादलीची. पाण्याने भरलेली बादली तळ्यातच दगडावर ठेवून, आत-बाहेर खूण करावी आणि पंप बंद ठेवून दुसऱ्या दिवशी पाहावे. दोन्हीकडे सारखेच उतरले असेल तर ती गळती नव्हे, बाष्पीभवन आहे. एप्रिल-मे महिन्यांत देशावर उघडे पाणी दिवसाला आठ-दहा मिलिमीटर सहज उतरते. दहा फूट बाय आठ फुटांच्या तळ्यात हे साठ ते पंचाहत्तर लिटर झाले, आणि धबधबा चालू असला तर त्याहून जास्त. गिऱ्हाइकाला हे काम घेतानाच सांगावे आणि हमीच्या कागदावर लिहावे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

पंप सुरू होताच तळ्याची पातळी थोडी खाली जाते, कारण काही पाणी वरच्या वाटेत थांबते. दहा फूट लांब, दोन फूट रुंद वाटेत दोन इंच पाणी धरले तरी सुमारे पंचाण्णव लिटर होते. पंप बंद झाला की ते सगळे खाली येते, तेव्हा तळे काठोकाठ भरून ठेवू नये.

सिमेंट वापरले असेल तर पहिले पाणी दोन-तीन दिवस फिरवून टाकून द्यावे, असे निदान दोन-तीन वेळा करावे. ताज्या सिमेंटचा चुना माशांना मारतो. त्यानंतर चार-पाच मासे सोडून आठवडाभर पाहावे आणि मग बाकीचे सोडावेत.